आईबाप, कर्ती मुले व जुने ग्रंथ

शिक्षणाने मनुष्य जगाच्या जवळ जातो हे खरे; परंतु पुष्कळदा तो घरापासून दूर जातो, हेही तितकेच खरे आहे. आमच्या बीड जिल्ह्यातील हजारो आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन परमुलखी ऊसतोडीस जातात आणि स्वतः फडात राबून मुलांना शाळेत ठेवतात. पुढे मुलगा पदवी घेतो, मुलगी पुण्यामुंबईस नोकरीस लागते. सणाला ती घरी येतात; पैसे देतात, औषधपाण्याची चौकशी करतात, आणि तेथे बोलणे संपते. भांडण नसते, तथापि संभाषणही नसते. ह्या अबोल्यावर जुन्या ग्रंथांचे एकत्र वाचन हा एक सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे, असे आमचे मत आहे. त्याची कारणे विद्यार्थ्यांपुढे व सुज्ञ पालकांपुढे ठेवावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

हे दुखणे आजचे नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेलगत, गोदेच्या काठी पैठण आहे. तेथील एकनाथांचा पुत्र हरिपंडित संस्कृतात निष्णात झाला. संतचरित्रे लिहिणारे ताहराबादचे महिपती (त्यांचा ‘भक्तलीलामृत’ ग्रंथ १७७४ चा) सांगतात की, वडील प्राकृतात पुराण सांगतात व परान्न घेतात, हे त्याला रुचले नाही. तो घर सोडून काशीस गेला. ज्या काशीत एकनाथांनी १५७३ साली मराठी भागवत पूर्ण केले, त्याच काशीत मुलाने वडिलांच्या मराठीपासून आश्रय शोधावा, हा केवढा योग! काही वर्षांनी वडील त्याला आणावयास गेले. त्याने अटी घातल्या: प्राकृतात पुराण सांगू नये, परान्न घेऊ नये. वडिलांनी त्या मान्य केल्या. पैठणास हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला. परंतु श्रोते एकेक करून कमी झाले. शेवटी त्याने स्वतःच वडिलांना विनविले की, पुराण पूर्ववत मराठीतच सांगावे.

चरित्रकाराने ह्या मनःपरिवर्तनाला पत्रावळींच्या चमत्काराची जोड दिली आहे. तो कोणी मानो वा न मानो. आमच्या विषयापुरते दुसरेच दोन प्रसंग महत्त्वाचे आहेत. पहिला, वडिलांनी मुलाच्या विद्वत्तेपुढे आपला हट्ट बाजूस ठेवला. दुसरा, मुलाने अनुभवांती आपला अहंकार सोडला. दोघांमध्ये ग्रंथ एकच होता, भागवत. तंटा होता तो भाषेचा. ग्रंथ सामाईक होता म्हणूनच परतीची वाटही राहिली. पुढे ह्याच घराण्याच्या दौहित्राने, मुक्तेश्वराने, महाभारताची पर्वे मराठीत आणली.

अलीकडचे उदाहरण शेजारच्या अहिल्यानगरचे, म्हणजे जुन्या अहमदनगरचे. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पती नारायण वामन टिळक ह्यांनी त्यांना लिहावयास वाचावयास शिकविले. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते ह्या माउलीने पुढे नेले. पुत्र देवदत्त ह्यांनी आग्रह धरला, म्हणून तिने आठवणी लिहिल्या, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाली. शिकलेल्या मुलाने आईला उपदेश केला नाही. तुला काय आठवते, एवढेच विचारले. त्या एका प्रश्नाने मराठी भाषेला एक अक्षर ग्रंथ मिळाला.

यावर कोणी म्हणेल, “आमचे आईबाप निरक्षर; ते काय वाचणार?” हा आक्षेप वरवरचा आहे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना साहित्य येत नाही, असे थोडेच आहे? हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन ह्यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत १९९६ साली आमच्या माजलगावी ध्वनिमुद्रित केलेल्या, बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही आहेत. आंबेजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब कापडावर त्यांनी काव्य लिहिले. कागद असो, कापड असो वा कंठ असो, वाङ्मय ते वाङ्मयच. ज्ञानेश्वरीतील एखादा शब्द पदवीधराला अडतो, आणि शेतात जन्म गेलेली आजी त्याचा अर्थ सहज सांगून जाते. त्या क्षणी घरातील गुरुशिष्यांची जागा बदलते. आईबापांना मान मिळतो, तोही दयेने नव्हे, हक्काने.

हा उपाय करू पाहणाऱ्यांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. मुलांनी वाचावे, परंतु वडिलांचे उच्चार सुधारण्याचा उद्योग करू नये. वडिलांनी ऐकावे, परंतु प्रत्येक ओवीचा रोख मुलाच्या वागणुकीकडे वळवू नये. ग्रंथ हे न्यायासन नव्हे. नात्यातील जुने व्रण उघड करून बोलणे दोघांनाही जड जाते. हरिपंडिताविषयी बोलणे मात्र सोपे असते, आणि त्याच्याविषयी बोलता बोलता पुष्कळदा आपल्याविषयी बोलून होते. सुट्टीच्या दिवसांत रोज वीस मिनिटे पुरेत. ग्रंथ तडीस गेलाच पाहिजे, असा नेम नको.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आज लहान आहात. पण थोड्याच वर्षांत तुम्हीही बाहेरगावी जाल. पैसे पाठविण्याची सोय आज प्रत्येकाच्या हातातील यंत्रात आहे. मन पाठविण्याची नाही. ते घेऊन स्वतःच जावे लागते, आणि जाताना पिशवीत एखादे पुस्तक असले तर आईबापांशी बोलणे सुरू कोठून करावे, हा प्रश्न उरत नाही.