वर नेणारा सायंटिस्ट, खाली आणणारा शिंपी?

2 एप्रिल 2022 च्या रात्री अख्ख्या विदर्भाने आकाशातली जळती रेघ पाहिली. आपण नागपूरकरांनी उल्का की उपग्रह यावर वाद घातले, आणि तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत लोखंडी वाटावी अशी भलीमोठी रिंग येऊन पडली (चिनी रॉकेटचे अवशेष, असं जाणकार म्हणाले). कोणी मेलं नाही हे नशीब.

याच्या उलट हैदराबादचं टीआयएफआरचं बलून केंद्र. उपकरणं तीसेक किलोमीटर वर न्यायची, काम झालं की फुग्यापासून तोडायची आणि पॅराशूटने उतरवायची. सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी जाहीर सूचनाही आधी निघते. खाली येणं हा तिथे प्रयोगाचाच भाग आहे.

आणि आपले कॉलेजवाले रॉकेट प्रोजेक्ट? इंजिनावर सहा महिने, पॅराशूट शेवटच्या आठवड्यात. काहून? तर म्हणे "कापडच तर आहे!"

कापडच तर आहे ना, मग हे बघा. 30 किलोमीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या दीड टक्क्याच्या आसपास. जे पॅराशूट जमिनीपाशी सेकंदाला 5 मीटर वेगाने उतरवतं, तेच तिथे 40 ने पडतं. आणखी वर गेलात तर ते नीट फुगतही नाही. उशिरा, भलत्या वेगात उघडलं तर दोऱ्या तुटतात, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून आधी छोटं ड्रोग, मग मोठं. गगनयानच्या कुपीला एकूण दहा पॅराशूट लागतात, ती उगाच हौस म्हणून नाही.

आपण आयटीवाले "पुढच्या रिलीजमध्ये बघू" म्हणून सुटतो. इथे पॅच नसतो राव. नासाचं जेनेसिस तीन वर्षं अंतराळात राहून सौरवाऱ्याचे नमुने घेऊन आलं आणि 8 सप्टेंबर 2004 ला युटाच्या वाळवंटात ताशी 300 किलोमीटरच्या वर वेगाने आपटलं. पॅराशूट उघडलंच नाही, कारण वेग मंदावणं ओळखणारे सेन्सर डिझाइनमध्येच उलटे होते. कापड बिचारं शाबूत होतं!

टेकफेस्टवाल्यांनो, एक नियम करा: अर्धे मार्क खाली आलेल्या पेलोडला. मेमरी कार्ड वाचता आलं नाही तर उड्डाणाला शून्य. आणि इतवारीतल्या ज्या शिंप्याकडून शिवून घेताय, त्याचं नाव टीमच्या यादीत टाका.