कडा भरा, मधलं आपोआप भरतं

पहिला गठ्ठा यंत्रातून बाहेर पडला, चार हात सरळ गेला, मग वळला आणि अर्धं रिंगण घालून आमच्याच पायाशी येऊन थांबला. भाचा ट्रॅक्टरवरून उतरला. आधी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामाजी, गोल तर हाय न जी?"

गोल होता, यात वाद नव्हता. पण मृदंग जसा गोल असतो तसा होता. एक तोंड मोठं, एक लहान. अशी वस्तू सरळ लोळत नाही, बारीक तोंडाच्या बाजूला वळत राहते. दुपारपर्यंत बांधीत असे वीसेक मृदंग झाले आणि धुऱ्यावर बसलेल्या मंडळींना करमणूक झाली.

हे यंत्र घ्यायची वेळ का आली, ते आमच्या भंडाऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको. पूर्वी धान विळ्याने कापायचं, कडपा वाळवायच्या, भारे बांधून पुंजणे रचायचे आणि मळणी झाली की तणस आपोआप एका जागी जमायचं. आता हार्वेस्टर बांधीतच धान झाडतो आणि तणस मागे टाकत निघून जातो. ते गोळा करायला मजूर मिळत नाहीत. मग कोणी काडी लावतं, कोणी नुसतं पाहत राहतं, आणि उन्हाळ्यात तोच माणूस गाईसाठी तणस विकत शोधत फिरतो. म्हणून भाच्याने कर्ज काढून हा लहान बेलर आणला. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर तो चालतो. पुढची दातेरी फिरकी तणस उचलून आत ढकलते, आतले रोलर ते गोल गोल फिरवतात. पोट भरलं की ड्रायव्हरला इशारा मिळतो. तो थांबतो, सुतळीचे वेढे बसतात, मागचं दार उघडतं आणि वीस-बावीस किलोचा गठ्ठा खाली पडतो. निदान तसा पडावा, अशी अपेक्षा असते.

दोन दिवस आम्ही यंत्राला दोष दिला. सुतळी बदलली, रोलर तपासले, विक्रेत्याला फोन केले. तिसऱ्या दिवशी वैतागून मी एका मृदंगाची सुतळी कापली आणि धुऱ्यापासून बांधीच्या मधोमध तो चटईसारखा उलगडत नेला. सगळं कोडं तिथे सुटलं. चटईची डावी किनार टोकापासून टोकापर्यंत जाड होती आणि उजवी इतकी विरळ की खालची माती दिसत होती. गठ्ठ्याने आमची चालच टिपून ठेवली होती. हार्वेस्टरने टाकलेली तणसाची ओळ अरुंद होती आणि भाचा सकाळपासून एकच चाकोरी धरून चालला होता. तणस दरवेळी फिरकीच्या एकाच बाजूने आत जात होतं. यंत्राने जे मिळालं तेच गुंडाळलं होतं.

मग त्याने ओळ मधोमध धरली. आता गठ्ठे दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये फुगलेले, पोट सुटलेल्या माणसासारखे येऊ लागले. त्यावर उपाय म्हणून तो नागमोडी चालवू लागला, तरी पोट तसंच. कारण साधं आहे. डावीकडून उजवीकडे जायचं तर मध्यावरूनच जावं लागतं. जितक्या वेळा तुम्ही इकडून तिकडे कराल तितक्या वेळा मधल्या भागाला वाढायला मिळतं. जमलं ते असं: ओळीच्या डाव्या कडेने थोडं अंतर सरळ जायचं, मग चटकन उजव्या कडेला यायचं आणि तितकंच अंतर तिथून जायचं. कडा भरा, मधलं आपोआप भरतं. वळणावर तर फिरकी उचलूनच घ्यायची, ट्रॅक्टर सरळ झाला की पुन्हा टेकवायची. आमच्या बांध्या लहान, कोपरे फार. वळता वळता उचललेलं तणस हमखास एका बाजूला जातं.

अर्थात खरा उपाय ओळीतच असतो. ओळ फिरकीइतकीच रुंद आणि सगळीकडे सारखी जाड असेल, तर ड्रायव्हरला डावं-उजवं करावंच लागत नाही. आणि ती ओळ पडते हार्वेस्टर चालतो त्या दिवशी, बेलर गावात यायच्या कितीतरी आधी.

मला यात गंमत वाटली ती वेगळीच. आमचे वडील तणसाचा ढीग रचायचे तेव्हा त्यांचं सांगणं नेमकं उलटं असे. "पोट भर, पोट भर," असं खालून ओरडायचे. ढिगाचा मध्य उंच आणि दाबलेला असला तर पावसाचं पाणी बाहेर घसरतं. तो खचला तर पाणी आत शिरतं आणि ढीग सडतो. ढिगाला पोट हवं, गठ्ठ्याला नको. तणस एकच, पण हत्यार बदललं की शहाणपणही बदलावं लागतं. वडील आज असते तर हे त्यांना पटवायला मला फार त्रास पडला असता.

हे गोल गठ्ठ्याचं प्रकरण मूळचं अमेरिकेतलं. नेब्रास्कातल्या ल्युबेन कुटुंबाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गवत गुंडाळणारं यंत्र बनवलं आणि 1910 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने त्याचे हक्क घेऊन 1947 मध्ये लहान गोल गठ्ठ्यांचा बेलर बाजारात आणला. टनाच्या आसपास वजनाचा, माणसाहून उंच गठ्ठा मात्र 1971 चा. आयोवातल्या पेला गावचे गॅरी व्हर्मीर यांनी तो करणारं यंत्र काढलं. चारा गोळा करायला माणसं मिळेनात म्हणून गुरं विकायला निघालेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची अडचण त्यामागे होती. आयोवा आणि भंडारा यांच्यात दुसरं काय साम्य असेल ते असो, मजूर न मिळण्याचं दुखणं एकच आहे.

गठ्ठा सारखा असण्याचा एवढा आग्रह कशाला, गाईला काय मृदंग आणि पिंप सारखंच, असं धुऱ्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं. गाईला सारखंच, हे खरं. पण बारीक टोकावरची सुतळी निसटते आणि गठ्ठा उचलताच सुटतो. वाकडे गठ्ठे एकावर एक बसत नाहीत, थप्पी ढासळते. सैल बाजूने ओल आत जाते आणि बुरशी धरते. गोल वस्तूचा हिशोब मोठा फसवा असतो. 60 सेंटीमीटर व्यासाच्या गठ्ठ्याचा बाहेरचा फक्त 6 सेंटीमीटरचा थर खराब झाला, तर वाटतं, साल गेली, गर राहिला. प्रत्यक्षात गठ्ठ्याचा 36 टक्के भाग गेलेला असतो. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चारा त्या सालीतच असतो. म्हणून आम्ही आता दव पूर्ण उडाल्याशिवाय, म्हणजे अकराच्या आत, यंत्र बांधीत घालत नाही. मूठभर तणस पिळून पाहतो. कडकड तुटलं तर चालू, नरम वाकलं तर अजून एक चहा.

आता एक गोष्ट भाच्याला आवडणार नाही, पण लिहितो. गावात बेलरचं भाडं गठ्ठ्यामागे ठरतं. म्हणजे ड्रायव्हरने लवकर सुतळी गुंडाळून सैल, अर्धपोटी गठ्ठे टाकले तर गठ्ठे वाढतात आणि त्याची कमाईही वाढते. नुकसान शेतकऱ्याचं होतं, आणि तो धुऱ्यावर उभा राहून गठ्ठे मोजत खूश असतो. मागच्या महिन्यात शेजारच्या गावाहून कोणाचे तरी भाड्याने केलेले गठ्ठे आम्ही काट्यावर ठेवले. एक एकवीस किलोचा भरला, त्याच्या शेजारचा चौदाचा. दोन्हींचं भाडं सारखंच गेलं होतं.

भाच्याचे गठ्ठे आता सरळ लोळतात. परवा एक तर धुऱ्यावरून निघून पुढच्या बांधीत नीट जाऊन बसला. तो नेमका शेजाऱ्याच्या बांधीत गेला, एवढंच काय ते नुकसान.

तुमच्याकडे यंदा बेलर येणार असेल तर दोन कामं करा. हार्वेस्टरवाल्याला कापणीच्या आधीच सांगा की तणस एकसारख्या ओळीत टाक, आणि त्याच्यामागे चार पावलं चालून पाहा. आणि भाडं द्यायच्या आधी गठ्ठे नुसते मोजू नका. त्यातले कोणतेही पाच उचलून काट्यावर ठेवा.