घाट न दिसणारे निसर्गचित्र

उपग्रहाने चित्रकाराला क्षितिजाच्या जाचातून सोडवले, हे विधान अलीकडे कलाचर्चेत सिद्धान्तासारखे वावरू लागले आहे. १९६८ साली ‘अपोलो ८’मधून विल्यम अँडर्स यांनी टिपलेल्या पृथ्वीच्या छायाचित्रापासून या मुक्तीची वंशावळ मांडली जाते. ती मला मान्य नाही.

क्षितिजरेषा ही आपल्या चित्रदृष्टीची सनातन अट कधीच नव्हती. ती येथे रुजवली १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. स्कूलसारख्या संस्थांतील ब्रिटिश शिस्तीने. त्यापूर्वीच्या लघुचित्रांत बागा आणि तळी वरून पाहिल्यासारखी येतातच. घाटनांदूरजवळच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी पासोडीच्या कापडावर पंचीकरण लिहून काढले. पंचमहाभूतांच्या त्या विवेचनाला क्षितिजाची गरज पडली नाही. तेव्हा वरून पाहणे ही उपग्रहाची देणगी नव्हे. त्याची खरी देणगी वेगळी आहे: सरासरी.

१९८८ साली सोडलेल्या भारताच्या आयआरएस-१ए या उपग्रहावरील एका कॅमेऱ्याचा एक चित्रबिंदू ७२.५ मीटर लांबी-रुंदीचा होता. म्हणजे सुमारे सव्वा एकर. बांध, विहीर, लिंब, गोठा यांचा मिळून एकच रंग. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ च्या सर्वांत बारीक चित्रबिंदूची बाजू १० मीटर आहे. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दृष्टी सूक्ष्म झाली, पण सरासरी सुटली नाही. शिवाय प्रचलित मिथ्यावर्णी प्रतिमेत हिरवे पीक लाल दिसते, कारण डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश तेथे लाल रंगाने दाखवलेला असतो. शास्त्रज्ञाला हा संकेत ठाऊक असतो. चित्रकार मात्र संकेत टाकून देतो आणि लाली उचलतो. आणि समीक्षक तिला ‘वैश्विक जाणीव’ म्हणतो.

आता हीच प्रतिमा बीड जिल्ह्यावर धरून पाहा. दिवाळीच्या सुमारास येथील हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोन माणसांचे एक अवजार करणारी ती वही आणि सव्वा एकराचा एक ठिपका करणारी ती प्रतिमा, यांचे नाते आपल्या निसर्गचित्रकारांना का दिसू नये? उसाच्या फडाची लाली ओसरल्याचे प्रतिमेत दिसते; ती कोणाच्या हातांनी ओसरली, ते दिसत नाही.

तंत्रज्ञान नाकारा, असे मी म्हणत नाही. दुष्काळात पाण्याचा ठाव घेताना याच प्रतिमा उपयोगी पडतात. आक्षेप आहे तो उसन्या उंचीवर. आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी पुनःपुन्हा बसले, म्हणून ते पाणी त्यांचे झाले. उपग्रहाच्या चित्रात कोणी कोठेच बसलेले नसते.

घाटनांदूरच्या नावातच घाट आहे. नेमके वरून पाहिले की चढ सपाट होतो आणि घाट उरतच नाही. तो ठाऊक असतो फक्त चालणाऱ्या पायांना. चित्रकाराने उपग्रहाचा डोळा खुशाल घ्यावा. पाय मात्र गहाण टाकू नयेत.