चक्करीला ‘रोजा लागला’ म्हणू नका

रमजानमध्ये दुपारचे चार वाजले की परांचीवरचा गवंडी, मार्केट यार्डातला हमाल, रिक्षाचालक, दिवसभर वर्गात उभा राहणारा शिक्षक असे कितीतरी रोजेदार मगरिबची वाट पाहत कामातच असतात. एखादा बसल्या जागेवरून उठतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंतीचा आधार घ्यावा लागतो. कोणी विचारलेच तर हसून उत्तर मिळते, ‘काही नाही, जरा रोजा लागला.’ या हसण्याआड पुष्कळदा उतरलेला रक्तदाब असतो, आणि तो लपवण्यातच धोका आहे.

रक्तदाब साधारण 90/60च्या खाली गेला की तो कमी समजतात. मात्र नुसता आकडा पाहून घाबरू नये. नियमित व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाचा रक्तदाब मुळातच कमी असू शकतो. काही त्रास नसेल तर तो आजार नव्हे. चक्कर, अंधुक दिसणे, गळून जाणे सुरू झाले की मात्र दखल घ्यायला हवी. तेरा-चौदा तास पाणी नाही, त्यात घाम. शरीरातले पाणी आणि मीठ घटते. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. इफ्तारला एकदम भरपेट खाल्ल्यावर रक्त पचनाकडे वळते, म्हणून काहींना तरावीहमध्येही चक्कर येते.

उपाय साधे आहेत. इफ्तार ते सहेरी थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. सहेरी चुकवू नये, नुसत्या चहावर भागवू नये. दही, ताक, फळे असावीत. खजूर आणि पाण्याने रोजा सोडून जेवण थोड्या वेळाने, बेताने घ्यावे. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसावे. उच्च रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, सुरू असतील तर वेळा आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात. मनाने गोळी बंद करू नये, आणि मीठही वाढवू नये.

कोणी कोसळलेच तर त्याला आडवे झोपवून पाय उंच करावेत. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. मधुमेह असेल तर साखर तपासावी. लवकर शुद्ध आली नाही, छातीत दुखले किंवा बोलणे अडखळले, तर थेट दवाखाना गाठावा.

अशा वेळी रोजा सोडला तर लोक काय म्हणतील, ही भीती अनेकांना गप्प बसवते. वास्तविक कुरआनच्या सूरह बकरामध्येच (184-185) आजारी माणसाला आणि प्रवाशाला ते रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. ती सवलत घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. निर्जळी एकादशी करणाऱ्या शेजाऱ्यांनाही ही ओढाताण ठाऊक आहे. म्हणून मुकादमाने जड काम सकाळी उरकून घेतले, सहकाऱ्याने ‘जरा टेक, मी बघतो’ म्हटले, तर तीही रमजानची सोबतच ठरेल. आणि घरच्यांनी पहिला प्रश्न ‘रोजा सोडलास का?’ असा न विचारता ‘आता बरं वाटतंय ना?’ असा विचारावा.