काळ्या गप्प का होता?

आमच्या नवापूरला रात्री कुत्रं रडलं की आजी लगेच म्हणते, "कुणीतरी जाणार बघ!" मग कोण जाणार यावर ओट्यावर चर्चा रंगते. त्या कुत्र्यालाच काही दुखतंय का, हे मात्र कुणी विचारत नाही.

मित्रांनो, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गल्लीत काळ्या नावाचा कुत्रा होता. सायकल दिसली की थेट स्टेशनपर्यंत मागे धावणार. (हो, तेच स्टेशन, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये!) एक दिवस तो धावायचाच थांबला. ओट्याखाली अंधारात बसून राहिला. भाकरीला तोंड लावेना. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, आवाज घोगरा. सगळ्यांचं निदान एकच, "घशात हाडूक अडकलंय." काकांना दया आली, त्यांनी सरळ त्याच्या तोंडात हात घातला. हाडूक नव्हतंच.

संध्याकाळी ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांच्या कानावर हे गेलं आणि ते अक्षरशः ओरडले. काकांच्या बोटाला आधीच चिरलेलं होतं. पंधरा मिनिटं साबणाने हात धुवायला लावला, मग दवाखाना, लस, सीरम. तिसऱ्या दिवशी काळ्या मेला. तपासणी झाली नाही, त्यामुळे रेबीजच होता असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण काकांनी सगळे डोस पूर्ण घेतले हे बरंच झालं. माणसात एकदा लक्षणं दिसली की वाचणं जवळजवळ अशक्य.

आपल्या डोक्यात पिसाळलेलं कुत्रं म्हणजे दात विचकून अंगावर येणारं. रेबीजचा दुसरा, मुका प्रकारही असतो हे मलाही तेव्हाच कळलं. त्यात कुत्रा गप्प होतो, कोपरा धरतो, जबडा आणि घसा लुळा पडल्यामुळे त्याला गिळता येत नाही. आणि नेमकी तेव्हाच आपल्याला त्याची दया येते!

ओळखीचं नाव चिकटवून मोकळं व्हायची सवय आमच्या गावाला महागात पडलेली आहे. २००६ च्या सुरुवातीला इथल्या पोल्ट्रीत कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा आधी राणीखेतच समजलं गेलं. १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की हा बर्ड फ्लू, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. २०२१ मध्ये तो पुन्हा आला.

आता गप्प बसलेलं प्रत्येक कुत्रं रेबीजचंच असं नाही हं. कानात दुखत असेल, गोचीड ताप असेल, कुत्री व्यायलाही आलेली असेल. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याची तुलना त्याच्या कालच्या वागण्याशी करा. वर्कशॉपमध्ये लेथचा आवाज जरा बदलला की आपण मशीन बंद करतो, आत बोटं नाही घालत. तसंच लांबून बघा, पोरांना दूर ठेवा, डॉक्टरांना फोन करा.

गेल्या महिन्यात मेसमागची लंगडी दोन दिवस पोळी हुंगून परत जात होती. "नखरे करतेय," असं होस्टेलचं एकमत. आम्ही चौघांनी वर्गणी काढून डॉक्टर बोलावले. निघाला गोचीड ताप. आता बरी आहे, आणि पार्किंगमधल्या बाइकच्या सीट पुन्हा फाडतेय.