संगणक विज्ञानाच्या तासाला न्या

पडद्यावर एक रान आहे. हिरवा ठिपका म्हणजे झाड, काळी जागा मोकळी. डाव्या कडेने आग लागते आणि नियम एवढाच की पेटलेल्या झाडाला खेटून असलेले झाड पेट घेते. बाजूची पट्टी सरकवून झाडांची दाटी ५५ टक्के ठेवली, तर आग थोडी आत शिरते आणि विझते. ६५ टक्के ठेवली, तर जवळजवळ सगळे रान जळून जाते. दाटी वाढेल तशी आगही थोडीथोडी वाढत जाईल, असेच आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात ५९ टक्क्यांच्या आसपास एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे रान बहुतेक वेळा वाचते, पलीकडे बहुतेक वेळा जाते. हा उंबरठा का येतो याचे गणित विद्यापीठाच्या वर्गात शिकवले जाते. तो आहे हे मात्र सातवीतली मुलगी ती पट्टी मागेपुढे करत एका तासात शोधून काढू शकते.

हे मॉडेल नेटलोगो या मोफत प्रणालीतले. प्रा. उरी विलेन्स्की यांनी ती १९९९ साली तयार केली आणि तेव्हापासून ती सतत वाढती ठेवली. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ते शिक्षणशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्ही विभागांचे प्राध्यापक आहेत. दोन्हीकडे पाय असलेला प्राध्यापक आपल्याकडे विरळाच. संगणकाचा माणूस शाळेकडे वळत नाही आणि शिक्षणशास्त्राचा माणूस प्रोग्राम लिहीत नाही. विलेन्स्की यांनी मात्र सगळी कारकीर्द याच सांध्यावर घालवली.

त्यांनी डॉक्टरेट केली १९९३ मध्ये, एमआयटीत. तिथे त्यांचे गुरू होते सीमोर पॅपर्ट. १९६७ साली लहान मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी ते एक. लोगोमध्ये मूल पडद्यावरच्या एका कासवाला ‘इतके पुढे जा, इतके वळ’ अशा आज्ञा देते आणि त्या देता देता भूमिती शिकते. नेटलोगोत अशी हजारो कासवे एकाच वेळी चालतात. त्यांना मेंढ्या म्हणा, लांडगे म्हणा, रस्त्यावरच्या मोटारी म्हणा नाहीतर वायूचे रेणू म्हणा. प्रत्येकाला दोनचार साधे नियम द्यायचे आणि सगळ्यांचे मिळून काय होते ते पाहायचे.

वायूच्या मॉडेलची हकीकत सांगण्यासारखी आहे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकाने ते विलेन्स्की यांच्यासोबत काम करताना रचले. डब्यात रेणू सोडले, सगळ्यांना सारखाच वेग दिला आणि त्यांना एकमेकांवर आदळू दिले. थोड्या वेळाने पाहतो तर सरासरी वेग कमी झालेला. ऊर्जा तर कुठे गेलेली नाही! प्रोग्राममध्ये चूक असणार म्हणून त्याने ती शोधली, पण चूक नव्हती. मग ध्यानात आले की ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. थोडे रेणू फार वेगवान झाले की ऊर्जेची बेरीज तीच राखण्यासाठी पुष्कळ रेणूंना मंद व्हावे लागते, आणि सरासरी वेग उतरतो. मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांचे सूत्र या शिक्षकाला पाठ होते. ते असे का आहे हे त्याला रेणू आदळताना पाहून कळले. शिकवणाऱ्यालाच नव्याने शिकवणारे हे साधन आहे, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

पॅपर्ट आणि विलेन्स्की यांनी पुढे मांडलेला विचार आपल्या परिचयाच्या उदाहरणावर उभा आहे. रोमन अंकांत गुणाकार-भागाकार हे मोजक्या जाणकारांचे काम होते. भारतातून निघून अरबांमार्फत गेलेले दशमान अंक युरोपात रुजले आणि तेच काम शाळकरी पोराच्या हातात आले. ज्ञान तेच राहिले, ते लिहिण्याची रीत बदलली. शिकारी आणि भक्ष्य यांच्या संख्येची चढउतार लोटका आणि व्होल्टेरा यांनी १९२० च्या दशकात समीकरणांत मांडली. ती वाचायला कलनशास्त्र लागते. नेटलोगोत मेंढी चरते, लांडगा मेंढी खातो, भुकेला मरतो, जगलेल्याला पिल्ले होतात. गवत कधीच संपत नाही असे धरले, की हा मेळ टिकत नाही; कधी लांडगे संपून मेंढ्यांचे अफाट पीक येते, कधी दोन्ही नामशेष होतात. गवताला मर्यादा घाला, तोल सावरतो. मर्यादेमुळे तोल येतो, ही गोष्ट फळ्यावर सांगून पटत नाही.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचे ठरवले आहे. धोका असा की तो आणखी एक विषय होईल: वेगळे पुस्तक, वेगळा तास, वेगळी परीक्षा आणि बाहेर वेगळा क्लास. शेजारच्या वर्गात त्याच मुलांना अन्नसाखळी, वायूंचे नियम, साथीचे रोग खडूने शिकवले जात असतील. हे दोन तास एकत्र आणले नाहीत, तर दोन्ही वाया जातील.

एक जपायला हवे. मॉडेल म्हणजे जग नव्हे. पडद्यावरच्या रानात वारा नाही, चढउतार नाही, ओले लाकूड नाही. नेटलोगोत प्रत्येक मॉडेलचा कोड उघडून वाचता येतो, बदलता येतो, ही त्याची खरी ताकद. मुलांनी वारा घालून पाहावा आणि उंबरठा कुठे सरकतो ते वहीत लिहावे. नुसती चित्रे हलताना पाहिली तर तो सिनेमाच.

विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती आहे. प्रणाली फुकट आहे, एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते आणि शेकडो तयार मॉडेल्स तिच्यासोबतच येतात. आज्ञा इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठीत शिक्षक-पुस्तिका लिहायला हव्यात. विद्यापीठांतल्या भौतिकशास्त्र आणि संगणक विभागांनी हे काम आपले मानावे आणि ते करणाऱ्या प्राध्यापकाला त्याचे श्रेय शोधनिबंधाइतकेच द्यावे. तोवर शाळेत एक जरी संगणक चालू असेल, तर या आठवड्यात त्यावर ते रान पेटवून दाखवा. पट्टी मात्र मुलांच्या हातात द्या.