हेडसेटची परीक्षा पलीकडच्या कानावर व्हायला हवी

दुकानात वायरलेस हेडसेट घ्यायला गेलं की विक्रेता तो आपल्या कानावर चढवतो, एखादं गाणं लावतो आणि बटण दाबून विचारतो, "बघा मॅडम, बाहेरचा आवाज गेला की नाही?" गेलेला असतो. रस्त्यावरची घरघर खरोखरच थांबते आणि गिऱ्हाईक पैसे मोजून मोकळं होतं. पण हेडसेट फोनवर बोलण्यासाठी हवा असेल, तर तपासायची गोष्ट राहूनच गेली. आपलं बोलणं ज्याला ऐकायचं आहे, तो माणूस त्या दुकानात नसतोच.

मी डोंबिवलीत घरी बसून एका पॅथॉलॉजी लॅबसाठी फोन करते. उद्या सकाळी रक्त घ्यायला मुलगा किती वाजता येईल, किती तास उपाशी राहायचं, पाणी चालेल का, एवढंच बोलणं असतं. पण पलीकडे बहुतेक वेळा सत्तरीचे आजी-आजोबा असतात. माझ्याकडे मागे कुकर, वरच्या मजल्यावर ड्रिल, खाली भाजीवाल्याचा भोंगा. त्यामुळे हेडसेट ही माझ्या लेखी हौसेची वस्तू नाही.

खोक्यावर ठळक छापलेलं 'एएनसी' हे फक्त घालणाऱ्याच्या कानासाठी असतं. बाहेरचा आवाज टिपायचा, त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडायची, की दोन्ही एकमेकींना मारतात. या कल्पनेचं अमेरिकी पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला 1936 मध्येच मिळालं होतं. 1978 मध्ये विमानातल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजापुढे गाणं धड ऐकू येईना, म्हणून अमर बोस यांनी हा विषय हाती घेतला आणि 1989 मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. इंजिनाच्या खर्जातल्या, एकसुरी आवाजावर हे तंत्र उत्तम चालतं. पंखा, एसी, लोकलची घरघर हेही त्याच्या आवाक्यातले. कुकरची शिट्टी किंवा शेजारच्या खोलीतली बडबड मात्र त्याला तितकीशी जुमानत नाही.

आणि इथेच मला खरी काळजी वाटते. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्येच हे नोंदवलं होतं. कानात शांतता भरली की आपल्याला गोंगाट जाणवतच नाही. मग आपण आवाजही चढवत नाही आणि उठून दुसऱ्या खोलीतही जात नाही. पलीकडच्या आजींना मात्र आपला पंखा, ड्रिल, भोंगा सगळं ऐकू येत असतं. पैसे मोजणाऱ्याला शांतता आणि ऐकणाऱ्याला त्रास, अशी ही वाटणी होते.

माइकचं काम निराळं. दोन-तीन माइकांनी टिपलेल्या आवाजांतून तोंडाच्या दिशेचा निवडायचा आणि उरलेला सॉफ्टवेअरने छाटायचा, याला खोक्यावर बहुधा 'ईएनसी' म्हणतात. छाटणी कडक असली की शब्दाची सुरुवातच कापली जाते. 'सहा' आणि 'दहा' यांत फरक तो काय पहिल्या अक्षराचा! आमच्याच एका सहकारी मुलीने एका आजोबांना सांगितलं, "रात्री दहानंतर काही खाऊ नका." त्यांनी सहा ऐकलं आणि संध्याकाळपासून तोंडाला कुलूप लावलं. आजोबा मधुमेहाचे. सकाळी आमचा मुलगा पोहोचला, तेव्हा ते घामाने डबडबले होते आणि हात थरथरत होते. तिच्या कानावरच्या हेडसेटच्या खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले होते.

फोनची वाटही अरुंद असते. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स', 'श'मधली सळसळ बरीचशी त्याच्या वरची. व्होल्टीई कॉलमध्ये हा पट्टा 7000 हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो, पण हेडसेट आणि मोबाइल ब्लूटूथवर जुन्या पद्धतीने जोडले गेले तर कमावलेलं पुन्हा गमावतं. म्हणून गाणं ऐकून कॉलचा अंदाज येत नाही.

माझी तपासणी साधी आहे. नाशिकच्या नणंदबाईंना फोन लावायचा, इकडे मिक्सर सुरू करायचा आणि आकडे वाचायचे: सहा, दहा, सात, साठ, एकोणसाठ, एकोणसत्तर. त्यांनी ते कागदावर लिहायचे. मग मिक्सर बंद करून तेच पुन्हा. यात दिसायला सुबक इअरबड वारंवार मागे पडले आणि तोंडापाशी दांडी येणारा, जरा बोजड हेडसेट पुढे गेला. कारण उघड आहे: इअरबडचा माइक ओठांपासून बराच लांब, दांडीचा दोन-तीन बोटांवर. अंतर दुप्पट झालं की आवाजाचा दाब निम्म्यावर येतो. तिथे जे जातं, ते सॉफ्टवेअर पूर्णपणे भरून काढू शकत नाही. बॅटरी, वजन, म्यूटचं बटण हेही बघावं, पण ते नंतर.

ऐकणाऱ्याच्या बाजूने मोजमाप करता येत नाही, असं मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पी.835 नावाची पद्धत आहे. तिच्यात ऐकणारी माणसं तीन वेगवेगळे गुण देतात: बोलणं किती स्वच्छ आलं, मागचा गोंगाट किती खुपला आणि एकंदर कसं वाटलं. गोंगाट पार पुसून टाकणारा हेडसेट बोलण्याच्या गुणांत मागे राहू शकतो, हे त्यातून उघड होतं. हे तीन आकडे खोक्यावर छापायला कंपन्यांना भाग पाडलं पाहिजे. दुकानदारांनी एक जोडलेला नमुना ठेवून गिऱ्हाइकाला घरी एक कॉल लावू द्यावा, तोही दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून. आणि फोनवर काम करणाऱ्यांसाठी घाऊक हेडसेट घेणाऱ्या लॅब, दवाखाने, बँकांनी कर्मचाऱ्यांच्या आधी पलीकडच्या पाच-दहा म्हाताऱ्या माणसांना विचारावं, की आकडे नीट कळले का.